ताठरतेची गोळी घेताय? या चुका टाळा

लिंगाला ताठरता यावी म्हणून घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांच्या बाबतीतल्या बहुतेक चुकांचं मूळ लपवाछपवीत असतं. मित्राकडून नाव कळतं, गोळी गुपचूप आणली जाते, गुपचूप घेतली जाते आणि काही बिनसलं तर तेही कुणाला सांगितलं जात नाही. या गोळ्यांपैकी सिल्डेनाफिल १९९८ पासून वापरात आहे, टॅडालाफिल त्यानंतर काही वर्षांनी आलं. ती कुणाला चालतात, कुणाला चालत नाहीत, हे आता डॉक्टरांना नीट ठाऊक आहे. फक्त त्यासाठी तुमची सगळी हकिगत त्यांच्यासमोर यायला हवी.

जिवावर बेतणारी चूक

छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी, नायट्रोग्लिसरीनचा स्प्रे किंवा त्वचेवर चिकटवायची पट्टी, रोज घ्यायचं आयसोसॉर्बाइड ही सगळी नायट्रेट गटातली औषधं. यांपैकी काहीही चालू असेल तर ताठरतेची गोळी घ्यायचीच नाही. निकोरँडिल (हृदयाच्या छातीदुखीवरचं) आणि रिओसिग्वॅट (फुफ्फुसांतल्या वाढलेल्या रक्तदाबावरचं) यांनाही हाच नियम. अर्धी गोळीसुद्धा नाही.

कारण असं की रक्तवाहिन्या सैल करणारा एक रेणू शरीरात तयार होतो. नायट्रेट तो वाढवतं आणि ताठरतेची गोळी तो मोडू देत नाही. दोन्ही एकत्र आली की रक्तदाब धाडकन कोसळतो. पार्ट्यांमध्ये हुंगले जाणारे 'पॉपर्स' हेही याच जातीचे, त्यामुळे तरुण आणि धडधाकट माणसालाही हा धोका आहे.

आता हे डोळ्यांसमोर आणा. रात्री छातीत कळ येते, घाम फुटतो, घरचे तातडीने दवाखान्यात नेतात. डॉक्टर विचारतात, "कोणती औषधं चालू आहेत?" माणूस बीपीची सांगतो, शुगरची सांगतो. शेजारी बायको आणि मोठा मुलगा उभे असतात, म्हणून दोन तासांपूर्वी घेतलेली गोळी तेवढी सांगत नाही. आणि नर्सच्या हातात नायट्रेट तयार असतं. अशा वेळी दोनच गोष्टी सांगा: गोळीचं नाव आणि घेतल्याची वेळ. सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास आणि टॅडालाफिलनंतर किमान ४८ तास नायट्रेट टाळतात. डॉक्टरांकडे दुसरे उपाय असतात. घरच्यांसमोर बोलवत नसेल तर त्यांना बाहेर थांबवायला सांगा, कुणी कारण विचारणार नाही.

"गोळी लागूच पडली नाही"

ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते, आणि बऱ्याचदा दोष गोळीपेक्षा घेण्याच्या पद्धतीत सापडतो. भरपेट, तेलातुपाचं जेवण झालं, लगेच सिल्डेनाफिल घेतलं, पंधरा मिनिटं वाट पाहिली, काहीच झालं नाही म्हणून दुसरी घेतली. इथे एकावर एक चुका होतात. सिल्डेनाफिलला साधारण अर्धा ते एक तास लागतो आणि चरबीयुक्त जेवणानंतर तो वेळ आणखी तासाभराने लांबू शकतो. टॅडालाफिलवर जेवणाचा फारसा परिणाम होत नाही आणि त्याचा असर ३६ तासांपर्यंत राहू शकतो. त्यामुळे आज एक, उद्या दुसरीच, असा खेळ तर मुळीच नको. गरजेनुसार घ्यायची गोळी २४ तासांत एकदाच. वाढीव मात्रेने डोकेदुखी, चेहरा लाल होणं, नाक चोंदणं, चक्कर हेच जास्त वाढतं.

दुसरं म्हणजे गोळी इच्छा निर्माण करत नाही. मन उत्तेजित झालं की लिंगात जो रक्तपुरवठा वाढतो, त्याला ती मदत करते. गोळी घेऊन घड्याळाकडे बघत बसलं तर काहीच होणार नाही. जवळीक, स्पर्श, निवांतपणा लागतोच. म्हणूनच जोडीदाराला सांगून घेतलेली गोळी जास्त उपयोगी पडते असं मला ठामपणे वाटतं. चोरून घेतली की अर्धं लक्ष 'होतंय की नाही' याच्यावर राहतं, आणि ताठरतेला ही धास्ती फार मारक.

दारूचंही तसंच. जास्त प्यायल्यावर ताठरता मुळातच कमी होते, त्यात रक्तदाब उतरतो.

एकदोनदा फसलं म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत, योग्य पद्धतीने सहा-आठ वेळा घेऊन पाहिल्यावरच ती चालत नाही असं म्हणता येतं. मग मात्रा किंवा औषध बदलायचं ते डॉक्टरांनीच.

बाकीची औषधं

प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन किंवा बीपीसाठी प्राझोसिनसारखं औषध चालू असेल तर उठताना भोवळ येऊ शकते, म्हणून सुरुवात कमी मात्रेने करतात. पासष्टी ओलांडलेल्यांना आणि यकृत किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनाही सिल्डेनाफिल सहसा २५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात. क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक), इट्राकोनॅझोल (बुरशीवरचं औषध), रिटोनाविर (एचआयव्हीवरचं औषध) यांच्यामुळे आणि ग्रेपफ्रूटच्या रसामुळेही गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढतं.

काहींना बीपीच्या किंवा नैराश्याच्या औषधांमुळेच ताठरतेचा त्रास होतो. ती परस्पर बंद करू नका, बदलून मागा.

'शंभर टक्के वनस्पतीजन्य' म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलपासून तर लांबच राहा. त्यांत न सांगता सिल्डेनाफिल मिसळल्याचं तपासण्यांत अनेकदा उघड झालं आहे. नायट्रेट घेणारा माणूस ती निर्धास्तपणे घेतो, हे फार भयंकर आहे.

गोळी मिळाली, तपासणी राहिली

लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे रक्तवाहिन्या चोंदत असल्याची खूण काही वेळा आधी इथे, ताठरता कमी होण्यातून, दिसते. शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल आणि गरज असेल तर टेस्टोस्टेरॉन तपासून घ्या. जिना चढताना छातीत भरून येत असेल किंवा नुकताच हृदयविकाराचा झटका, पक्षाघात झाला असेल तर आधी हृदयाला शरीरसंबंधाचा ताण झेपेल का, ते डॉक्टरांना विचारा.

कधी उशीर करायचा नाही

थोडी डोकेदुखी, छातीत जळजळ, सिल्डेनाफिलने काही काळ निळसर दिसणं, टॅडालाफिलने पाठ दुखणं हे सहसा आपोआप ओसरतं. पण ताठरता चार तासांनंतरही उतरली नाही तर लगेच इमर्जन्सी विभाग गाठा, दुखत नसलं तरीही. अडकलेल्या रक्तामुळे आतल्या पेशींना कायमची इजा होऊ शकते. सकाळपर्यंत वाट पाहायची नाही. अचानक एका किंवा दोन्ही डोळ्यांनी दिसेनासं झालं, किंवा ऐकू येणं एकदम कमी झालं, तर त्याच क्षणी गोळी बंद करा आणि डॉक्टरांकडे जा. जाताना गोळीची पट्टी सोबत न्या, म्हणजे नाव आणि मात्रा त्यांना वाचता येईल.