पहिल्यांदा महिला मोर्चाला जाताना

महिला मोर्चाला पहिल्यांदा निघालेल्या स्त्रीला बहुधा तीन गोष्टींची धास्ती असते: घोषणा येत नाहीत, ओळखीचे कोणी नाही आणि पोलिसांनी अडवले तर काय करायचे. घोषणा दहा मिनिटांत येऊ लागतात, कारण पुढची स्त्री ‘कोण म्हणतो देत नाही’ म्हणाली की ‘घेतल्याशिवाय राहत नाही’ हे आपोआप तोंडी येते. बाकीच्या दोन गोष्टींसाठी मात्र तयारी हवी. १९७०च्या दशकात मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर या नेत्यांबरोबर लाटणी-थाळ्या घेऊन महागाईविरोधात मुंबईच्या रस्त्यांवर उतरलेल्या गृहिणींपैकी कितीतरी जणींचाही तो पहिलाच मोर्चा असणार.

सर्वप्रथम पत्रक वाचावे. मागण्या कोणत्या, संयोजक संघटना कोणत्या, मोर्चा कोठून निघून कोठे थांबणार आणि पोलिसांची परवानगी आहे का, हे त्यातून कळले पाहिजे. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या निरोपात यातले काहीच नसेल, तर संयोजकांशी बोलल्याशिवाय निघू नये. जमावबंदीचा आदेश (पूर्वीचे कलम १४४, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३) लागू असेल, तर गुन्हा दाखल होऊ शकतो, हे जाण्यापूर्वीच माहीत असलेले बरे. दक्षिण मुंबईत आंदोलनासाठी आझाद मैदान ठरलेले आहे आणि ते सीएसएमटी व चर्चगेट या दोन्ही स्थानकांपासून चालत जाण्याइतके जवळ आहे.

शक्यतो मैत्रीण, जाऊ किंवा शेजारीण, कोणीतरी सोबत असावी आणि चुकामूक झाल्यास कोठे भेटायचे ते आधी ठरवावे. मार्चमधले दुपारचे ऊन कडक असते, म्हणून पाणी, टोपी किंवा ओढणी, शेंगदाण्याची चिक्की, नेहमीची औषधे आणि सॅनिटरी पॅड जवळ ठेवावेत. पायात रोजच्या सवयीचे, बंद बूट असावेत. स्वच्छतागृह कोठे आहे हे पोहोचताच विचारून घ्यावे. पुष्कळ जणी ते टाळण्यासाठी दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि मग त्यांना चक्कर येते. दागिने घरी ठेवावेत. दोन महत्त्वाचे फोन नंबर कागदावर लिहून घ्यावेत, कारण मोबाइलची बॅटरी संपू शकते.

फलक स्वतः लिहिणार असाल तर एक पथ्य कटाक्षाने पाळावे: बलात्कारपीडितेचे नाव किंवा छायाचित्र त्यावर घालू नये. हा कायद्याने गुन्हा आहे, आणि ही तरतूद स्त्रियांच्या आंदोलनानंतरच आली आहे. ‘मथुरा प्रकरण’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात, १९७२ साली विदर्भातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराचे आरोपी पोलीस सर्वोच्च न्यायालयातून सुटले. १९७९ मध्ये चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, ८ मार्च १९८० रोजी अनेक शहरांत स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. सोबत चालणाऱ्या स्त्रियांचे फोटोही विचारूनच काढावेत. एखादी घरी न सांगता आलेली असते आणि व्हायरल झालेल्या फोटोची किंमत तिला मोजावी लागते.

पोलिसांनी ताब्यात घेतले, तर एकटीने वाद घालू नये. स्वयंसेविकेला आपले नाव सांगावे आणि कोणत्या ठाण्यात नेत आहेत ते विचारावे. न वाचता कशावरही सही करू नये. स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यायची असते. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करायची नाही, आणि अपवाद करायचाच असेल तर महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यायची, अशी कायद्यात तरतूद आहे. विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा हक्क प्रत्येक स्त्रीला आहे, मग तिचे उत्पन्न कितीही असो. त्यासाठीचा हेल्पलाइन क्रमांक १५१०० आहे.

मोर्चा मैदानात पोहोचला की शिष्टमंडळ निवेदन घेऊन अधिकाऱ्यांकडे जाते, आणि बाकीच्यांना तासभर किंवा त्याहून अधिक बसून राहावे लागते. नव्याने आलेल्या स्त्रिया नेमक्या याच वेळी उठतात, कारण कार्यक्रम संपला असे त्यांना वाटते. माझ्या मते हाच सर्वांत मोलाचा वेळ आहे: बाहेर किती जणी बसल्या आहेत, यावर आत शिष्टमंडळाचे किती ऐकून घेतले जाते हे पुष्कळ अंशी ठरते. तेवढ्यात शेजारी बसलेल्या घरकामगार, आशा सेविका किंवा विद्यार्थिनीशी बोलावे, ती का आली आहे ते ऐकावे. शिष्टमंडळ परतल्यावर कोणत्या अधिकाऱ्याने कोणते आश्वासन दिले आणि किती मुदत मागितली, हे तारखेसह वहीत लिहून घ्यावे व पुढच्या बैठकीला ती वही सोबत न्यावी.