शाळेचं न्यूजलेटर काढायचंय? आधी हजेरीपट मागा

कॅनव्हा उघडण्याआधी वर्गशिक्षकांकडून हजेरीपट मागून घ्या. रंग आणि फाँट निवडण्यातच महिना घालवणारे उत्साही पालक मी पाहिलेत. अंक घरी आला की आई-बाबा, आजी-आजोबा पहिल्यांदा एकच गोष्ट शोधतात: आपल्या पोराचं नाव. माझी लेक सहावीत आहे, तिच्या शाळेचं न्यूजलेटर मी बघते, आणि माझं सगळं काम एका एक्सेल शीटवर चालतं. त्यात प्रत्येक मुलाचं नाव आणि ते कोणत्या अंकात आलं, एवढंच. वर्ष संपेपर्यंत एकही रकाना रिकामा राहता कामा नये. बक्षिसं मिळवणारी दहा-बारा मुलं तर दर अंकात येतातच. मागच्या बाकावरच्याला शोधून काढणं हे खरं काम.

नावं लिहिताना घरच्यांना विचारा. आपल्या इंदुरात हिंदी पानावर ‘केलकर’ आणि मराठी पानावर ‘केळकर’ असं सर्रास होतं. काही घरांत पिढ्यान्‌पिढ्या ‘काले’च लावतात, त्यांना तुमचा ‘ळ’ नको असतो. तिथे शुद्धलेखनाचा हट्ट धरू नका.

आता मजकूर. शाळेकडून येणारा वृत्तान्त दीपप्रज्वलनाने सुरू होतो आणि आभारप्रदर्शनाने संपतो. पाहुण्यांचं नाव एका ओळीत देऊन मोकळे व्हा, मानपान तेवढ्यात भागतो. उरलेली जागा मुलांना द्या. पण ‘स्वच्छतेचे महत्त्व’ असा विषय दिलात तर निबंधच येणार. त्यापेक्षा सांगा, सकाळी कचरागाडी येते तेव्हा तुमच्या गल्लीत कोण धावत येतं, ओला कचरा घरी कोण वेगळा करतं, ते बघून लिहा. स्वच्छतेतला शहराचा पहिला नंबर २०१७ पासून सगळ्यांना पाठ आहे, गल्लीतली गंमत कुणी लिहीत नाही.

मुलाखतीचंही तसंच. मुलं पोहेवाल्या काकांना विचारतात, “तुम्हाला कसं वाटतं?” काका म्हणतात, “अच्छा लगता है,” आणि मुलाखत आटोपते. मुलांना मोजता येतील, दाखवता येतील असे प्रश्न द्या: भट्टी किती वाजता पेटवता? पोहे किती किलो भिजवता? खालच्या पातेल्यात पाणी का उकळत ठेवता? या शेवटच्या प्रश्नावर काका खुलतात, कारण वाफेवर पोहे मऊ कसे राहतात ते त्यांना सांगायचंच असतं. उत्तर जसं आलं तसं हिंदीत ठेवा. त्याचं मराठी केलं की काका पुण्याचे वाटायला लागतात.

पानं चारच्या पटीत ठरवा. ए-३ कागद मधोमध दुमडला की ए-४ ची चार पानं होतात, म्हणून सहा पानांचा मजकूर ही डोकेदुखी. कोरा कागद दुमडून डमी करा आणि कुठे काय जाणार ते पेन्सिलीने लिहा. प्रेसवाल्याला वर्डची फाइल देऊ नका. बऱ्याच प्रेसमध्ये अजून कृतीदेव हा जुना फाँट चालतो. युनिकोडमधला, म्हणजे मोबाइलवर टाइप होतो तसा मजकूर तिथे नेला की जोडाक्षरं फुटतात, ‘सुट्ट्या’ आणि ‘दुसऱ्या’ हमखास तुटतात. फाँट आत बसवलेली पीडीएफ द्या, कापण्यासाठी कडेने ३ मिमी जादा सोडा आणि एक छापील प्रूफ हातात घेऊन नावं मोठ्याने वाचा. स्क्रीनवर न दिसणारी चूक कागदावर लगेच दिसते.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधे पाठवले की आकसतात. शिक्षकांना सांगा, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. तीन इंच रुंदीचा फोटो ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापायला ९०० पिक्सेल लागतात, त्याहून लहान असेल तर तो लहानच छापा. फोटोसाठी पालकांची लेखी परवानगी सत्राच्या सुरुवातीलाच डायरीतून मागवा आणि नकार आलेली नावं त्याच एक्सेलमध्ये लाल करा. नाव, वर्ग आणि बस-स्टॉप या तिन्ही गोष्टी एकत्र कधीही छापू नका. पीडीएफ कुठून कुठे जाईल, याचा नेम नसतो.

तारखा छापखान्याच्या सोयीने धरा. देवउठनी ग्यारस, म्हणजे कार्तिकी एकादशी झाली की लग्नपत्रिकांचा हंगाम सुरू होतो, मग तुमच्या चार पानांकडे कोण बघतंय? मी दिवाळीचा अंक सुट्टी लागण्याच्या पंधरा दिवस आधी प्रेसला देते आणि दुसरा जानेवारीअखेर, परीक्षांची धावपळ सुरू व्हायच्या आत. शेवटच्या प्रुफावर प्राचार्यांची सही घ्या. फोनवरचा होकार पुरत नाही.

कोचिंगवाले जाहिरात घेऊन येतील, छपाईचा सगळा खर्च देऊ म्हणतील. मी घेत नाही. खर्च जड जात असेल तर आतली दोन पानं काळी-पांढरी करा किंवा छापील प्रती कमी करून बाकीच्यांना पीडीएफ पाठवा. बसचे ड्रायव्हरकाका आणि मावशींसाठी छापील प्रती मात्र वेगळ्या काढून ठेवा. त्यांचंही नाव एखाद्या अंकात येतंच.