सोयाबीनची विरळ उगवण: वाद मिटवला गोणपाटाने

लक्षण: ओल पुरेशी, पेरणी उथळ, तरी पेरणीच्या ओळींत तुटाळ (रिकाम्या जागा). बीजप्रक्रिया (पेरणीआधी बियाण्याला औषध चोळणे) केली, बियाणे बदलले, फरक शून्य. पिशवीवरच्या उगवणीच्या टक्क्यांवरून घातलेले वाद निव्वळ वैताग.

उपाय: पेरणीआधी उगवणीची चाचणी. बियाण्याच्या पोत्याच्या वर, मध्ये, तळाशी हात घालून न निवडता 100 दाणे घ्या, टपोरे वेचले की चाचणी खोटी ठरते. धुतलेले गोणपाट भिजवून निथळू द्या. दहा-दहाच्या ओळींत दाणे मांडा, वर दुसरे ओले गोणपाट, सैल गुंडाळी, सावलीत. रोज पाणी शिंपडा. चिंब ठेवल्यास हवेअभावी दाणे कुजतात. सातव्या दिवशी फक्त निरोगी मूळ-कोंब असलेले मोजा. 70 आले तर एकरी 30 किलो बियाणे, 60 आले तर 35. त्याखालचे पेरूच नका.