गणपतीमागची भिंत

चतुर्थीला आठ-दहा दिवस उरले की आमच्याकडे भिंत रंगवायला काका यायचे. सिंधुदुर्गात गणपतीच्या खोलीतली मागची भिंत दरवर्षी नव्याने रंगवायची जुनी पद्धत आहे. आधी गेल्या वर्षीच्या चित्रावर चुन्याचा हात फिरायचा. भिंत सुकली की काका दोरी निळीत बुडवायचे, एक टोक माझ्या हातात द्यायचे, दुसरं स्वतः धरायचे आणि मधोमध ताणून टणकन सोडायचे. भिंतीवर सरळ निळी रेघ उमटायची. सूत मारणं ते हेच. त्या रेघांच्या आधाराने मग खांब, कमान, वेली, दोन बाजूंना दोन मोर. मी चौथीत असताना त्यांना विचारलं होतं, मधली एवढी जागा कोरी का सोडता? ते ब्रश न थांबवता म्हणाले, "मधी गणपती बसतलो गो बाय. थंयसर माझा चित्र कोण बघतलो?"

मी वेंगुर्ल्याजवळच्या गावातली. मुंबईत अप्लाइड आर्ट शिकले, पाच वर्षं तिथेच पॅकेजिंगचं काम केलं आणि आता गावी राहून काजूवाले, कोकमवाले, मसाले-लोणची करणाऱ्या बायका यांच्यासाठी लेबलं, खोके, पाट्या करते. मे महिन्यात सुट्टीला आलेली मुलं-मुली चित्रांची वही घेऊन घरी येतात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: ताई, सुचत नाही, प्रेरणा कुठून आणायची? त्यांना तोंडी जे सांगते ते इथे लिहून ठेवते आहे.

परीक्षांचं आधी उरकते, कारण आईवडील तेच विचारतात. शाळेत असतानाच कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा देऊन टाका. बारावीनंतर राज्यातल्या बीएफएसाठी, म्हणजे चित्रकलेच्या पदवीसाठी, एएसी सीईटी ही प्रवेश परीक्षा असते; डिझाइन शिकायचं तर एनआयडी या संस्थेची स्वतःची परीक्षा आणि आयआयटींची युसीड, या वेगळ्या. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ सालचं, त्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं. पण कोकणातल्या मुलांनी चिपळूण तालुक्यात सावर्ड्याला असलेलं कला महाविद्यालयही जाऊन बघावं. चित्रकला शिकायची तर कोकण सोडलंच पाहिजे असं नाही.

आता सुचण्याचं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे कोकम सरबताच्या बाटलीचं लेबल आलं. आमच्या भागातला माल, म्हणून मी जीव ओतला. माड घातले, होडी घातली, किल्ला, लाटा, कोकमाची फळं, कडेला सोनेरी वेलबुट्टी. पाच हजार लेबलं छापून आली. बाटल्या दुकानात लागल्यावर मी मुद्दाम बघायला गेले. चार हातांवरून ‘कोकम’ हा शब्द वाचता येत नव्हता. एका बाईंनी बाटली उचलली, फिरवून फिरवून पाहिली आणि दुकानदाराला विचारलं, "हे सरबत आहे की तेल?" उत्तराची वाट न बघता बाटली परत ठेवून त्या गेल्या. ज्यांनी माझ्यावर विश्वास टाकून पैसे घातले होते त्यांचं नुकसान माझ्या हातून झालं, हे मला फार लागलं.

त्या रात्री काकांची भिंत आठवली. मधे गणपती बसणार, म्हणून मधे काही नको. बाटलीवर गणपती कोण? सरबताचं नाव. पुढच्या छपाईला मी सगळं काढून टाकलं. कोकमाचा गडद रंग, एक कापलेलं फळ आणि मोठ्या अक्षरात नाव. कॉलेजात कोऱ्या जागेवर तासच्या तास ऐकले होते, परीक्षेत उत्तरंही लिहिली होती. पण हाताला ते तेव्हा कळलं, आणि कळलं ते दोरीचं टोक कधीकाळी धरलं होतं म्हणून.

म्हणून पहिली गोष्ट सांगते. फोटो कमी काढा, नाव विचारा. समोरची वस्तू कुणी केली, कशाने केली, असंच का केली, या प्रश्नांवर जी उत्तरं मिळतात त्यातून काम सुचतं. फोटोत फक्त वस्तूचं दिसणं येतं, आणि नुसतं दिसणं उचललं की माझ्या पहिल्या लेबलासारखं होतं: सगळं कोकणातलं, आणि कोकण कुठेच नाही.

सुरंगीचं उदाहरण घ्या. वेंगुर्ल्याच्या बाजारात सकाळी सुरंगीच्या फुलांचे वळेसर, म्हणजे केसांत माळायचे गजरे, विकायला येतात. मी बरीच वर्षं त्यांचे फोटो काढले, त्यावरून कापडाच्या छपाईचे नमुनेही केले, पण ते कुठल्याही फुलाचे वाटायचे. एकदा वळेसर ओवणाऱ्या आजींच्या शेजारी बसले. त्यांच्या टोपलीत उमललेलं फूल एकही नव्हतं, सगळे कळे. मी विचारलं, फुललेलं का घेत नाही? "फुललेला कशाक व्हया? कळे ओवूचे, ते डोक्यार फुलतत." वळेसर विकत घेताना तो मिटलेला असतो. ऊन चढत जातं तशा पांढऱ्या पाकळ्या उघडतात, आतले पिवळे केसर बाहेर येतात आणि वास घरभर होतो. मला नमुना तिथे मिळाला. साडीच्या पदराकडून काठाकडे जाताना कळा हळूहळू उघडत जातो, असा तो केला. आधीच्या नमुन्यात मी फूल काढलं होतं, या खेपेला फुलण्याची वेळ काढली.

दुसरी जागा सावंतवाडी. मोती तलाव, लाकडी फळं-खेळणी मिळणारी चितारआळी आणि राजवाडा एका दिवसात होतात, पण राजवाड्यातल्या गंजिफांना सवडीने वेळ द्या. ही गोल पत्त्यांची हातकला बंद पडायला आली होती, तेव्हा भोसले राजघराण्याने राजवाड्यातच कारागीर बसवून ती पुन्हा उभी केली. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पानं, म्हणजे एकूण १२०. जुन्या रीतीत कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांवर चिकटवत, वर खडूचा लेप देऊन घोटून गुळगुळीत करत आणि मग रंगवत.

राजा-प्रधानाची पानं देखणी असतात, सगळे तीच बघतात. तुम्ही आकड्यांची पानं बघा. मत्स्याच्या रंगात एकावर एक मासा, दोनावर दोन, असं दहापर्यंत. वर्तुळ तेवढंच, मासा तोच, आणि दर पानावर मांडणी वेगळी. पाच मासे गोलात कसे बसवायचे, सात बसवताना एक मधे घ्यायचा की नाही, हे चितारी फार पूर्वी सोडवून बसले आहेत. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी हाच अभ्यास देते. तीन इंच व्यासाची दहा वर्तुळं काढा. घरातली एक वस्तू निवडा. विळी, रोवळी (तांदूळ धुवायची बांबूची टोपली), काजूची बी, काहीही. एक ते दहा बसवा. तीनपर्यंत सोपं जातं. सातला बहुतेक जण अडकतात. तिथे मी मदत करत नाही, दोन दिवस थांबते. गेल्या वर्षी एका मुलीने सात बांगड्यांनी तो सोडवला. सहा बांगड्या कडेने एकमेकींत अडकवल्या आणि सातवी अर्धी वर्तुळाबाहेर जाऊ दिली. मला स्वतःला ते सुचलं नसतं.

कुडाळजवळच्या पिंगुळीलाही जा. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी म्हणजे एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातल्या कथा गाऊन सांगायची कला. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या घराण्याने जुन्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं आहे. चित्रातले चेहरे एका बाजूने दाखवलेले, डोळे मोठे. ते चित्र भिंतीवर टांगायचं नव्हतंच, अंगणात समोर बसलेल्यांना दुरून दिसायचं होतं. दुकानाची पाटी करताना हे डोळे मला नेहमी आठवतात.

पुस्तकांचं म्हणाल तर वाचनालयाचे सभासद व्हा. कोकणाइतकं जुनं वाचनालयांचं वैभव फार थोड्या मुलखांना आहे. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. मी आमच्या वेंगुर्ल्याच्या वाचनालयात जुने दिवाळी अंक मागून घेते. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर, दोघेही इथून हाकेच्या अंतरावरच्या गोव्यात जन्मलेले. त्यांची मुखपृष्ठं हातात धरून बघण्यात आणि मोबाइलवर बघण्यात फार फरक आहे. कागद पिवळा पडला तरी दलालांची रेघ जागची हललेली नसते. अंकातल्या जाहिरातीही बघा. साबण, चहा, केसांचं तेल. अक्षरं हाताने काढलेली, आणि एका शब्दाची वेलांटी दुसऱ्या शब्दावर छत्रीसारखी धरलेली. देवनागरीत काम करायचं असेल तर इतका चांगला धडा फुकट दुसरीकडे मिळणार नाही. कविता वाचा, त्याही मोठ्याने. दोन शब्दांत किती श्वास सोडायचा हे कळलं की दोन अक्षरांत किती जागा सोडायची हे आपोआप कळायला लागतं. हे माझं मत आहे, पण मी त्यावर ठाम आहे.

मुंबईत शिकणाऱ्यांनी एक रविवार सासवण्याला द्यावा. गेटवेहून लाँचने मांडव्याला उतरलं की अलिबागच्या रस्त्यावर हे गाव जवळच आहे. शिल्पकार नानासाहेब करमरकर तिथले, १८९१ सालचा जन्म. गावच्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र तेव्हाचे जिल्हाधिकारी ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेला पडलं आणि त्यांनी या मुलाला जे. जे.ला धाडलं. पुढे पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांनीच केला, १९२८ साली. त्यांच्या घरी आता शिल्पालय आहे. मला तिथे सगळ्यांत आवडते ती म्हैस, सिमेंटची. तिच्या पाठीच्या हाडापासून पोटाकडे उतरणारा उंचवटा मी बराच वेळ बघत उभी होते. आमच्या गोठ्यात म्हशी होत्या. रोज धार काढताना कपाळ त्याच जागी टेकलेलं असायचं, आणि तो उतार मी कधी पाहिला नव्हता. सुट्टीत घरी आल्यावर पहिल्या दिवशी गोठ्यात बसून चार रेखाटनं केली.

कातळशिल्पांना मात्र वेळ साधून जावं लागतं. राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, जांभ्यात कोरलेला हत्ती आहे, एका नजरेत न मावणारा, आणि त्याच्या आकृतीत इतर कितीतरी प्राणी. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. मी पहिल्यांदा भर दुपारी पोचले आणि मला धड काही दिसलं नाही. डोक्यावरच्या उन्हात उथळ रेघांना सावलीच नसते. गुरं घेऊन परतणाऱ्या एका आजोबांनी सांगितलं, ऊन कलू दे. साडेपाचला प्रकाश तिरपा झाला आणि एकेक रेघ काळी होऊन वर आली. सोंड, पाय, मग आतला मासा. तेव्हापासून मी कुठलंही काम संपवण्याआधी कागद खिडकीशी नेऊन तीन वेगवेगळ्या वेळी बघते. तिथे गेलात तर चपला काढा, रेघांवर पाय देऊ नका, आणि फोटोत नीट दिसावं म्हणून खडूने रेघा भरू नका.

कपड्यांबद्दल मुली हमखास विचारतात. कॉलेजात बहुतेक सगळे काळं घालायचे, मीही तीन वर्षं घातलं. वाईट काही नव्हतं त्यात, पण आरशात मी कोणी दुसरीच दिसायचे. सुट्टीत मासळीबाजारात उभी असताना एका मासेवालीकडे लक्ष गेलं. साडी पोटरीपर्यंत खोचलेली, कारण खाली पाणी. दोन्ही हात मोकळे, पैसे कमरेच्या पिशवीत, अंबाड्यात आबोलीची वेणी. एवढ्या घाईतही ती वेणी नीट मधोमध माळलेली. तिच्या अंगावरच्या प्रत्येक गोष्टीला कारण होतं, आणि एकच गोष्ट निव्वळ तिच्या आवडीची होती. मी माझे कपडे तसे बेतले. कोपरापर्यंत बाह्या, कारण शाई लागते. सुती कापड, कारण इथला घाम. शिंप्याकडून दोन खोल खिसे, एकात वही, एकात पेन्सिल. आणि आवडीचं एकच, आबोली रंग; कधी ओढणीत, कधी नुसत्या काठात.

खिशातल्या वहीत मी रोज एकच पान भरते. वर तारीख, वस्तूचं नाव जसं लोक म्हणतात तसं, खाली छोटं रेखाटन आणि ते सांगणाऱ्या माणसाचं एक वाक्य. चतुर्थीच्या दिवसांत माटवीसाठी, म्हणजे गणपतीवर टांगायच्या पानाफळांच्या चौकटीसाठी, तीन-चार पानं जातात: आंब्याचे टाळ, सुपारीचं शिपटं, तवशी (काकडी), आणि त्या सगळ्या हिरव्यात लालभडक कवंडळं, ही रानातली फळं. गडद हिरव्यात लाल किती घालायचा याचं माप मी तिथून घेते. वही चाळताना जुन्या पानांतून कधी काय हाताला लागेल सांगता येत नाही. परवा काजूच्या खोक्यासाठी बारा वर्षांपूर्वीची रोवळीची वीण कामाला आली.

काका आता थकले आहेत. गेली तीन वर्षं आमची भिंत मी रंगवते आणि दोरीचं दुसरं टोक शेजारची सहावीतली मुलगी धरते. चतुर्थीआधी इथे असाल तर या, चार घरच्या भिंती दाखवीन. नाहीतर फेब्रुवारी-मार्चात या, सुरंगीला. बाजारात लवकर पोचा. ऊन वर आलं की कळे उघडायला लागतात आणि आजी उरलेले वळेसर गुंडाळून घरी जातात.