भांडकुदळ कुटुंब, शिडाची बोट आणि गोव्याचा समुद्र: सस्पेन्स थ्रिलर कशी लिहायची

कुटुंबाला बोटीत बसवलं आणि एकाला पाण्यात ढकललं एवढ्यावर थ्रिलर होत नाही, कारण वाचक आधी विचारणार की ज्यांचं एकमेकांशी पटत नाही ते एका बोटीत बसलेच कसे? म्हणून पहिली स्टेप, कारण शोधा. गोव्यात ते आयतं मिळतं. इथे पोर्तुगीज काळातल्या नागरी कायद्याची चौकट अजून चालते, लग्न झालं की साधारणपणे मालमत्ता नवराबायकोची सामाईक, वडिलांचं घर विकायचं तर भावाबहिणींच्याच नाही तर त्यांच्या नवऱ्याबायकांच्याही सह्या लागतात. एक वहिनी अडून बसली की म्हापशाचं अख्खं घर अडलं! मग थोरला म्हणतो, आईच्या पंच्याहत्तरीला सगळे बोटीवर जाऊया, आणि कागद त्याच्या बॅगेत.

दुसरी स्टेप वारा, इथे घाई करू नका. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो ना, तेच. दुपारी समुद्राकडून जमिनीकडे, रात्री उलट, आणि मधे संध्याकाळी वारा पडतो. पावसाळा नको, त्या समुद्रात असली बोट कोणी काढत नाही, डिसेंबर धरा. सकाळी मतलईवर मांडवीतून बाहेर, आग्वादचा किल्ला उजव्या हाताला, दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परत, असा बेत. शिडाची बोट 5 नॉटने चालली तरी ताशी साधारण 9 किलोमीटर, म्हणजे सायकलवालाही पुढे जाईल, त्यामुळे तीन वाजता वळायला हवं होतं आणि सहीवरून भांडण चालू असल्यामुळे कोणी वळलंच नाही, की सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, शीड लोंबतं, आणि रात्री मतलई सुटला की बोट हळूहळू किनाऱ्यापासून लांब. इंजिन का चालू होत नाही ते तुम्ही ठरवा, पण डिझेल कोणी काढलं ते तुम्हाला पहिल्या पानापासून माहीत पाहिजे.

हत्यार शोधत बसू नका, बोटीवरच आहे. शिडाच्या खालची आडवी दांडी, बूम. वारा पाठीमागून असताना सुकाणू थोडं जरी चुकलं तरी बूम झटक्यात या बाजूची त्या बाजूला जाते, डोक्याला बसली तर माणूस पाण्यात. सुकाणूवाल्याने आधी ओरडायचं असतं, "डोकं खाली!" तुमच्या गोष्टीत तो ओरडतो, फक्त एक सेकंद उशिरा. अपघात की मुद्दाम? बघणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

मोबाईलची रेंज गेली हे प्लीज लिहू नका, किनाऱ्याजवळ ते पटत नाही. फोन चालू दे, कोस्ट गार्डचा 1554 सगळ्यांना पाठ असू दे, व्हीएचएफवर, म्हणजे बोटीवरच्या रेडिओवर, मदतीच्या हाकेचा चॅनल 16 लावलेला असू दे, आणि तरी कोणी कॉल करत नाही. का? थोरल्याला बॅगेतले कागद लपवायचेत, आत्येला वेगळंच काहीतरी, आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघतोय. माझ्या मते खरा सस्पेन्स हाच, लाटाबिटा सगळं नंतर.

गोष्ट सांगायला धाकटी सून घ्या, साताऱ्याकडची, बोटीतलं ओ की ठो न कळणारी. सुकाणूवरचा हात हलला हे तिने बघितलंय, पण त्याचा अर्थ तिला कळत नाही. वाचकाला मात्र बूमचं गणित आधीच कुठेतरी गप्पांत सांगून ठेवा, म्हणजे तो तिच्या दहा पानं पुढे असेल आणि घाबरेल.

शेवट लिहायच्या आधी हेतू एकदा तपासा. इथेच बरेच प्लॉट बुडतात, कारण अडून बसलेली वहिनी मेली म्हणून सही टळत नाही, तिच्या जागी तिचे वारस येतात, म्हणजे सह्या उलट वाढतात. मग सुकाणू हलवणाऱ्याला हे माहीत नव्हतं, की त्याला घर विकायचंच नव्हतं?