उतारावर बोटं बुटाला आपटायची, त्यावरचा उपाय

वैराटगड चढताना मला त्रास नाही, उतरताना आहे. वरचा टप्पा खडा आणि घसाऱ्याचा, पावसाळा सरला की मुरूम पायाखालून सरकतो. दर पावलाला पाय बुटात पुढे जायचा आणि अंगठ्याची नखं काळीनिळी पडायची. मित्र म्हणत, एक नंबर मोठा घे. पण मोठ्या बुटात पाय आणखीच सरकतो.

खरं तर टाच जागची हलली नाही की झालं. घोट्याजवळ बुटाला एक जादा भोक असतं, बहुतेकजण ते रिकामंच सोडतात. नाडी शेवटी समोर न नेता त्याच बाजूच्या या भोकात घालायची. दोन्हीकडे छोटा फास होतो. उजवं टोक डाव्या फासातून, डावं उजव्या फासातून काढायचं, खाली ओढायचं आणि गाठ मारायची. त्याआधी टाच जमिनीवर आपटून मागे नीट बसवायची, नाहीतर सगळं फुकट.

रविवारी सकाळी गडावर वैराटेश्वराच्या देवळापाशी सगळ्यांचे बूट असे बांधले. खाली येईपर्यंत अंगठा पुढे टेकला नाही. चढताना मात्र नाडी सैल ठेवा, घोट्यावर दाब येतो. नखं दोन दिवस आधीच कापा.