चेक लाईट लागली की लगेच सेन्सर बदलू नका

डॅशबोर्डवर इंजिनची चेक लाईट लागली, की गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये बिघाडाचा कोड पडलेला असतो, आणि तो वाचणारा स्कॅनर आता कुणाकडेही असतो. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला ब्लूटूथचा डोंगल लावायचा, मोबाईलवर कोड बघायचा, त्यात ज्या सेन्सरचं नाव असेल तो आणायला पळायचं. आमच्या सोलापुरात नवीन पोरं हेच करतात आणि भुर्दंड गिऱ्हाइकाला बसतो. कोड फक्त तक्रार सांगतो. गेलेला पार्ट आपण शोधायचा असतो.

पी ०१७१ हा कोड घ्या. अर्थ एवढाच, की हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय. मागच्या मे महिन्यात मोहोळहून एक गुरुजी आले. सिग्नलला गाडी थरथरायची. आधीच्या गॅरेजात नवा ऑक्सिजन सेन्सर (इंजिनच्या धुरात ऑक्सिजन किती उरला ते सांगणारा) घातला, चार दिवसांत लाईट परत. मग पेट्रोल फवारणारे इंजेक्टर साफ केले, तरी तेच. "मिस्त्री, आता इंजिन खोलावं लागेल म्हणतात," गुरुजी काकुळतीला आले होते.

मी आधी फ्युएल ट्रिम बघितला, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय. आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, शॉर्ट (त्या क्षणाचा) आणि लाँग (शिकून ठेवलेला) मिळून अधिक २४ टक्के. रेस अडीच हजार आरपीएमवर धरली, तर ६ वर उतरला. इथंच निम्मं काम झालं. आयडलला इंजिन हवा थोडी ओढतं, त्यामुळे फटीतून घुसलेली जास्तीची हवा लगेच जाणवते. रेसवर तिचा वाटा कमी होतो. उलट रेसवर ट्रिम चढला असता, तर मी पेट्रोल पंप आणि फिल्टरकडे वळलो असतो.

आत जाणारी हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर आणि रेस दिली की हवेची वाट उघडणारी थ्रॉटल बॉडी, या दोन्हींच्या मधली रबरी नळी वरून धड दिसत होती. हातानं वाकवली, घड्या उघडल्या, तर खालच्या अंगाला बोटभर चीर. सेन्सरनं न मोजलेली हवा तिथून आत जात होती. जुना ऑक्सिजन सेन्सर खरंच सांगत होता, आणि त्यालाच काढून टाकलं होतं. नळी बदलली, ट्रिम खाली येताना गुरुजींना स्क्रीनवर दाखवला.

दुसरी चूक मला फार सलते. गाडी दाखवायला आणण्याआधी कोड उडवून टाकतात, नाहीतर बॅटरीची तार काढतात. कोड पडला त्या क्षणी इंजिन किती गरम होतं, आरपीएम किती, लोड किती, हे सगळं कॉम्प्युटरच्या नोंदीत, म्हणजे फ्रीझ फ्रेममध्ये असतं. ते पुसलं की मी काय बघून शोधू? माझ्याकडे आधी स्क्रीनचा फोटो, मग वहीत नोंद, त्यानंतरच पुढचं काम. घाई असलेल्याला मी गाडी ठेवून जायला सांगतो.

एकदम चार-पाच सेन्सरचे कोड आले तर सगळे सेन्सर एकदम जात नाहीत. बॅटरी, अर्थिंग आणि सेन्सरची ५ व्होल्टची लाईन बघा. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत.

पी ०४२० म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही अशी तक्रार, पण तो आला म्हणून कन्व्हर्टर मागवू नका. आधी सायलेन्सरची लाईन कुठं लीक आहे का ते बघा.

बॉनेट उघडून प्रेशरच्या पाण्यानं इंजिन धुऊ नका. कपलरमध्ये, म्हणजे वायरिंगच्या जोडांत, पाणी शिरतं.

आणि चेक लाईट लुकलुकत असेल, तर गाडी तशीच पुण्याला काढू नका. इंजिन जोरात मिसिंग करतंय, न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो वितळतो. रेस सोडा, बाजूला थांबा, फोन करा.